कट पोहोचतो, बाकीचं वाटेत राहतं

२१ जून २०११ रोजी ॲपलने ‘फायनल कट प्रो टेन’ बाजारात आणलं. आधीच्या ‘फायनल कट स्टुडिओ’साठी ९९९ डॉलर मोजावे लागत, हे २९९ डॉलरमध्ये मिळत होतं. जगभरच्या एडिटरांनी ते हौसेने उतरवून घेतलं आणि कुणीही करेल तेच केलं. चालू कामाचा प्रोजेक्ट त्यात उघडायला गेले. तो उघडला नाही.

आपलंच काही चुकतंय असं आधी सगळ्यांना वाटलं. मग ॲपलचा खुलासा आला. नव्या प्रोग्रॅमची रचना मुळापासून वेगळी आहे, त्यामुळे जुने प्रोजेक्ट काही ना काही गमावल्याशिवाय त्यात आणता येणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ होता. गंमत म्हणजे ॲपलच्याच घरगुती ‘आयमूव्ही’तले प्रोजेक्ट नव्या फायनल कटमध्ये बिनबोभाट उघडत होते. वर्षानुवर्षं याच प्रोग्रॅमवर पोट असलेल्या लोकांना हे फारच झोंबलं. कुत्सितपणे त्याचं नाव ‘आयमूव्ही प्रो’ पडलं. जुना प्रोजेक्ट आत येत नव्हता हे एक, आणि नवा बाहेरही जात नव्हता हे दुसरं. दुसऱ्या प्रोग्रॅमला कळेल अशी कटांची यादी, म्हणजे ईडीएल, निघत नव्हती, तिच्याहून तपशीलवार एक्सएमएल निघत नव्हती, साउंडवाल्याला आवाज द्यायला ओएमएफ नव्हती. अमेरिकी विनोदवीर कोनन ओब्रायन यांच्या कार्यक्रमातल्या एडिटरांनी दोन-तीन दिवसांत या प्रोग्रॅमची टर उडवणारी चित्रफीत केली आणि ती टीव्हीवर दाखवली. ॲडोबीने संधी ओळखून फायनल कट सोडून येणाऱ्यांना आपला प्रोग्रॅम निम्म्या किमतीत देऊ केला.

त्या काळात अंधेरी-गोरेगावच्या एडिट स्टुडिओंमध्येही फायनल कटचं सातवं व्हर्जन मुरलेलं होतं. मालिका, जाहिराती, मराठी सिनेमे, सगळं त्यावर चालायचं. तिथे नव्या व्हर्जनकडे कुणी धावत गेलं नाही. मशीन चालतंय तोवर जुनंच ठेवायचं, आणि ते थकलं की दुसऱ्या कंपनीकडे जायचं, असं बहुतेकांनी केलं. दुसरीकडे जायचं म्हणजे प्रोजेक्ट तिकडे न्यायचा. आणि प्रोजेक्ट नेणं म्हणजे नक्की काय, हे त्या वर्षी पुष्कळांना पहिल्यांदा नीट कळलं.

एडिटिंगशी संबंध नसलेल्या माणसाला वाटतं, प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ असतो. तो नसतो. दोन टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर लग्नाच्या चार दिवसांच्या रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, असतील, तर त्यांची प्रोजेक्ट फाइल काही एमबींची असते, मेलवरून सहज जाईल एवढी. सातबारा म्हणजे जमीन नव्हे, जमिनीबद्दलचा उतारा, तसंच हे. कुठली रशेस कुठल्या फोल्डरमध्ये आहे, त्यातला कुठून कुठपर्यंतचा तुकडा घेतला, तो टाइमलाइनवर कुठे ठेवला, वर काय चढवलं, आवाज किती खाली घेतला, एवढ्या नोंदी त्यात असतात. चित्र आणि आवाज बाहेरच राहतात.

या नोंदी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठेवते. ॲडोबीच्या ‘प्रीमियर’ची प्रोजेक्ट फाइल घ्या. ती खरं तर आवळून ठेवलेली मजकुराची फाइल आहे. झिप सोडवणाऱ्या प्रोग्रॅमने सोडवली की आत चक्क वाचता येणारा एक्सएमएल निघतो. पण वाचता येतो म्हणजे समजतो असं नाही. वेळ मोजायला प्रीमियरने स्वतःचं एकक केलं आहे. एका सेकंदाचे त्याने २५,४०१ कोटी ६० लाख भाग पाडले आहेत. आकडा वेडगळ वाटतो, पण त्याला २४ ने भाग जातो, २५ ने जातो, ३० ने जातो, अमेरिकी टीव्हीच्या त्या विचित्र २९.९७ लाही एक फ्रेम म्हणजे पूर्ण आकडा मिळतो, आणि आवाजाच्या ४४,१०० आणि ४८,००० या नमुन्यांनाही बाकी उरत नाही. कुणीतरी शांतपणे बसून शाळेतला लसावि काढला आहे. ॲपलचा नवा फायनल कट हेच काम व्यवहारी अपूर्णांकात करतो, म्हणजे तीसहजारांश गुणिले १००१ सेकंद असं. जुनी ईडीएल तास, मिनिट, सेकंद, फ्रेम लिहिते. तिघंही एकच क्षण सांगत असतात, पण तिघांच्या वह्या वेगळ्या.

या वह्या एकमेकींशी जुळवण्याचा उद्योग कॉम्प्युटरच्याही आधीचा आहे. सिनेमा फिल्मवर व्हायचा तेव्हा एडिटर मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. तो निगेटिव्हवरून काढलेल्या वर्कप्रिंटवर काम करायचा, मुव्हिओलावर नाहीतर स्टीनबेकच्या सपाट टेबलावर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या कित्येक पिढ्यांचे हात या स्टीनबेकवरच बसले. वर्कप्रिंट कापायची, जोडायची, पुन्हा सोडायची, ओरखडे पडले तरी चालतंय. सिनेमा लॉक झाला, म्हणजे कट पक्के झाले, की ती वर्कप्रिंट लॅबमध्ये निगेटिव्ह कापणाऱ्याकडे जायची. निगेटिव्हच्या काठावर ठरावीक अंतराने आकडे छापलेले असत, ते वर्कप्रिंटवरही उतरत. हा माणूस हातमोजे घालून, आकड्याला आकडा लावून, मूळ निगेटिव्ह त्याच जागी कापायचा. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम. एक फ्रेम इकडेतिकडे झाली तर परत जोडायची सोय नाही. शिवाय सिमेंटने जोड देताना शेजारच्या फ्रेमचा थोडा भाग खर्ची पडायचा, म्हणून एकच शॉट दोनदा वापरायचा तर मध्ये फ्रेम सोडावी लागे. आज साउंडवाल्याला क्लिप देताना दोन्ही बाजूंना थोडं जास्तीचं ठेवतात, त्याला हँडल म्हणतात. तेही याच सवयीच्या जातकुळीतलं.

म्हणजे एका जागी ठरवायचं आणि दुसऱ्या जागी अमलात आणायचं, ही विभागणी आधीपासूनच होती. टेपवर काम सुरू झाल्यावर तिला कागद मिळाला. १९७१ मध्ये सीएमएक्स कंपनीने ‘सीएमएक्स ६००’ हे यंत्र आणलं. सीबीएस ही टीव्ही कंपनी आणि मेमोरेक्स ही टेप-डिस्क बनवणारी कंपनी यांची ती भागीदारी. यंत्र अवाढव्य आणि महाग होतं आणि त्यावर दिसायचं ते हलक्या प्रतीचं काळंपांढरं चित्र, प्रक्षेपणाच्या लायकीचं नव्हेच. पण निर्णय घ्यायला ते पुरेसं होतं. निर्णयांची यादी निघायची आणि ती दुसऱ्या यंत्राला दिली की ते मूळ टेपांवरून पक्का कार्यक्रम जुळवायचं. ही यादी म्हणजेच ईडीएल. तिचं पुढे ‘सीएमएक्स ३६००’ नावाने रूढ झालेलं रूप आजही बहुतेक मोठे प्रोग्रॅम वाचतात आणि लिहितात. कंपनी कधीच बंद झाली, यादी चालू आहे.

ती यादी एकदा उघडून पाहावी, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. एक ओळ साधारण अशी असते. आधी क्रमांक, ००१. मग टेपचं नाव, समजा ए००१सी००३. मग व्ही, म्हणजे चित्र. मग सी, म्हणजे सरळ कट. आणि मग चार वेळा : ०१:०२:१०:०५, ०१:०२:१३:१७, ०१:००:००:००, ०१:००:०३:१२. पहिल्या दोन म्हणजे मूळ रशेसमध्ये तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, दुसऱ्या दोन म्हणजे तो आपल्या सिनेमात कुठे बसतो. २५ फ्रेमचा हिशेब धरला तर दोन्हीकडे तीन सेकंद बारा फ्रेम. वजाबाकी जुळली की ओळ बरोबर. डिझॉल्व्ह असेल तर सीच्या जागी डी येतो आणि पुढे तो किती फ्रेमचा हे. एवढंच. ज्याला एडिटिंग शिकायचं आहे त्याने एखादा सीन घेऊन त्याची ईडीएल हाताने लिहून पाहावी असं माझं मत आहे. सगळी चमकधमक गळून पडते आणि कुठे कापलं ते उघडं पडतं.

ईडीएलच्या मर्यादाही तिच्या जन्मातूनच आल्या. क्रमांकाला तीन आकडी जागा, म्हणून ९९९ च्या पुढे ती जात नाही. सिनेमात याहून जास्त कट सहज होतात, पण सिनेमा रीळवार लॉक करायची पद्धत असल्यामुळे फारसं अडत नाही. चित्राचा एकच ट्रॅक. आणि टेपच्या नावाला फक्त आठ अक्षरं. ही शेवटची अडचण आजच्या काळात भलतीच नडते. मोबाइलवर चित्रित केलेल्या फायलींची नावं बघा : व्हीआयडी, मग अंडरस्कोर, मग साल, महिना, तारीख. पहिली आठ अक्षरं घेतली की उरतं ‘व्हीआयडी_२०२४’. म्हणजे वर्षभरातल्या सगळ्या क्लिपांचं नाव एकच! काही कॅमेरे याच्या उलट खोडी करतात. कार्ड बदललं की नाव पुन्हा सी०००१ पासून सुरू. हळदीच्या कार्डावरही सी०००१, वरातीच्या कार्डावरही सी०००१. प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर नेला आणि रशेस पुन्हा जोडायला लावल्या की प्रोग्रॅम पहिलं सापडेल ते उचलतो, आणि मुंडावळ्या बांधायच्या जागी नवरदेव पिवळाधमक होऊन उभा राहतो. लग्नाची कामं करणाऱ्या मुलांना हा प्रकार मी सांगायला नको. कार्ड उतरवतानाच नाव बदलायचं, हा त्यावरचा सोपा उपाय.

यंत्र बदलण्याची सिनेमाच्या इतिहासातली सर्वांत नावाजलेली गोष्ट संकलक वॉल्टर मर्च यांची. ‘द इंग्लिश पेशंट’चं संकलन त्यांनी फिल्मवर सुरू केलं होतं. मध्येच कौटुंबिक अडचणीमुळे घरून काम करायची वेळ आली, आणि चालू सिनेमा त्यांनी एव्हिड या डिजिटल यंत्रावर नेला. एव्हिड तेव्हा नवंच होतं. कंपनी १९८७ ची, पहिलं यंत्र १९८९ चं. हातात धरून कापलेल्या फिल्मचे निर्णय डिजिटल टाइमलाइनमध्ये उतरवायचे आणि शेवटी पुन्हा निगेटिव्ह कापणाऱ्याच्या भाषेत परत न्यायचे, असा हा दुहेरी प्रवास. १९९७ च्या ऑस्करमध्ये मर्च यांना त्या सिनेमासाठी संकलन आणि ध्वनी अशी दोन्ही पारितोषिकं मिळाली. डिजिटल यंत्रावर संकलित होऊन संकलनाचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला सिनेमा. पुढे ‘कोल्ड माउंटन’ (२००३) त्यांनी फायनल कटवर केला. एवढ्या मोठ्या निर्मितीसाठी ते तेव्हा धाडसच मानलं गेलं. फायनल कटवर कापता येईल की नाही, ही शंका नव्हतीच. कापलेलं साउंडवाल्यांकडे आणि लॅबकडे धड पोहोचेल का, ही खरी काळजी होती.

आवाजाची गोष्ट वेगळीच आहे, कारण साउंडवाल्याला नुसती यादी पुरत नाही. त्याला प्रत्येक ट्रॅक हवा, तुकड्याच्या आजूबाजूचा आवाज हवा, फेड कुठे दिला ते हवं. त्यासाठी एव्हिडने १९९० च्या दशकात ओएमएफ काढली. तिच्यात आवाज आतच भरून पाठवता यायचा, पण फाइल दोन गिगाबाइटच्या वर गेली की संपलं. मग एएएफ आली. आजही ‘एएएफ आणि टू-पॉपसकट रेफरन्स द्या’ हेच साउंड स्टुडिओचं पालुपद असतं. टू-पॉप म्हणजे पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधीचा एका फ्रेमचा ‘टक्’. तो टक् चित्रातल्या खुणेशी जुळला की पुढचं सगळं जुळणार. इतक्या सॉफ्टवेअरच्या पसाऱ्यात अजूनही सर्वांत भरवशाची गोष्ट हीच आहे.

आता रँडी यूबिलोस यांची कथा, कारण तिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ॲडोबीसाठी प्रीमियर त्यांनी केला, तो १९९१ मध्ये बाजारात आला. नंतर ते मॅक्रोमीडियात गेले आणि तिथे ‘कीग्रिप’ नावाचा नवा प्रोग्रॅम करू लागले. १९९८ मध्ये तो प्रोग्रॅम माणसांसकट ॲपलने विकत घेतला आणि १९९९ मध्ये ‘फायनल कट प्रो’ म्हणून आणला. २०११ मध्ये ज्या नव्या फायनल कटवरून एवढा गहजब झाला, त्याच्याही मागे यूबिलोसच होते. म्हणजे ज्या दोन प्रोग्रॅमांमध्ये प्रोजेक्ट नेता नेता लोकांच्या नाकी नऊ येतात, ते दोन्ही मुळात एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेले आहेत.

जुन्या फायनल कटची एक देणगी मात्र त्याच्यानंतरही टिकली. त्याची एक्सएमएल. ईडीएलच्या मानाने ही फारच बोलकी. कितीही ट्रॅक, क्लिपचा आकार, जागा, पारदर्शकता, वेग, आवाजाची पातळी, मार्कर, आणि मूळ फाइलचा पूर्ण पत्ता. तो पत्ता इंटरनेटच्या पद्धतीने लिहिला जातो, आणि इथे देवनागरीवाल्यांची खास पंचाईत होते. फोल्डरला हौसेने ‘हळद’ असं नाव दिलं, तर त्यातलं एकेक अक्षर कॉम्प्युटरच्या लेखी तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्क्याची खूण आणि दोन चिन्हं असा उतरतो. तीन अक्षरांचा ‘हळद’ तिथे २७ चिन्हांचा होतो. बहुतेक वेळा दुसरा प्रोग्रॅम ते बरोबर उलगडतो. एखाद्या वेळी नाही उलगडत, आणि मग टाइमलाइनभर ‘मीडिया ऑफलाइन’ची लाल पाटी. फोल्डरची नावं रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता ठेवायची सवय अनेक असिस्टंटांना लागलेली असते ती यामुळे. मराठीचा अभिमान एंड क्रेडिटमध्ये दाखवावा, फोल्डरमध्ये नको.

सिनेमा लॉक झाल्यावर तो डीआयला जातो, म्हणजे कलर करायला. एडिट प्रीमियरवर आणि कलर रिझॉल्व्हवर, ही जोडी आता आपल्याकडे रुळली आहे. रिझॉल्व्ह मुळात केवळ कलरचं यंत्र होतं, लाखो डॉलरचं. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक या ऑस्ट्रेलियन कंपनीने दा व्हिंची सिस्टिम्स विकत घेतली आणि दोन वर्षांत त्याचं एक व्हर्जन फुकट वाटायला सुरुवात केली. तर प्रीमियरमधून एक्सएमएल काढायची, रिझॉल्व्हमध्ये उघडायची, मूळ कॅमेऱ्याच्या फायली जोडायच्या. याला कन्फॉर्म म्हणतात. सोबत एडिटरने एक रेफरन्स दिलेला असतो, म्हणजे जसा लॉक झाला तसा अख्खा सिनेमा एका फाइलमध्ये. चांगला असिस्टंट तो रेफरन्स आपल्या टाइमलाइनवर वरच्या ट्रॅकला ठेवतो आणि मोड ‘डिफरन्स’ करतो. दोन चित्रं तंतोतंत एक असतील तर पडदा काळा. जरा फरक असेल तर कडा उजळतात, भुतासारखी आकृती उमटते. मग तो बसतो. कट, काळा. कट, काळा. कट, काळा. आणि मध्येच एक शॉट लख्ख उजळून दिसतो. ‘सर, हा पंचवीस टक्के मोठा केला होता का तुम्ही?’

हा आकाराचा घोळ जवळपास ठरलेला. प्रीमियरमध्ये शंभर टक्के म्हणजे फाइलचा मूळ आकार. फोर-के रशेस एचडी टाइमलाइनवर टाकली तर ती पन्नास टक्क्यांना चौकटीत बसते. रिझॉल्व्ह नेहमीच्या सेटिंगला आधी चित्र चौकटीत बसवतो आणि त्यालाच एक म्हणतो. शिवाय प्रीमियर जागा मोजतो वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, रिझॉल्व्ह मधोमधपासून. भाषांतर होतं, पण एडिटरने मध्येच ‘स्केल टु फ्रेम साइझ’ दाबलं असेल, किंवा प्रॉक्सीवर, म्हणजे हलक्या प्रतींवर, काम करून नंतर मूळ फाइल जोडली असेल, तर आकडे तेच राहतात आणि चित्र मात्र निम्मं नाहीतर दुप्पट. वेग सरळ कमी-जास्त केला असेल तर सहसा पोहोचतो. हळूहळू वाढत जाणारा, मग थबकणारा, असा वेग असेल तर हाताने पुन्हा बसवा. प्लगिन पोहोचत नाहीत. साधा डिझॉल्व्ह पोहोचतो, बाकीची नक्षीदार ट्रान्झिशन बहुधा डिझॉल्व्ह होऊनच पोहोचतात. नेस्ट केलेल्या, म्हणजे एकात एक ठेवलेल्या, टाइमलाइन आणि मल्टिकॅम आधी सोडवून सपाट केलेले बरे. मोबाइलवरची रशेस असेल तर आणखी एक दुखणं. तिचा फ्रेमरेट स्थिर नसतो, प्रकाश आणि प्रोसेसर यांच्या लहरीप्रमाणे बदलत राहतो, आणि दोन प्रोग्रॅम त्याचा हिशेब दोन तऱ्हांनी करतात. एडिटला बसायच्या आधीच ती प्रोरेझसारख्या फॉर्मॅटमध्ये करून घेतली नाही, तर पुढे ओठ आणि आवाज यांची फारकत ठरलेली.

आणि टायटल. मराठी टायटल हा वेगळा अध्याय आहे. मुळात ती एक्सएमएलमधून धड जात नाहीत, कारण प्रत्येक प्रोग्रॅमचं टायटल करायचं यंत्र स्वतंत्र. पण इंग्रजी टायटल पुन्हा टाइप करणं म्हणजे कंटाळवाणं काम, इतकंच. मराठीत अक्षरजुळणीचाच प्रश्न येतो. प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या प्राधान्यांत मजकुराच्या इंजिनाचा एक पर्याय आहे, दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेच्या लिप्यांसाठीचा. तो निवडलेला नसला की ‘निर्मिती’ची पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे पडते, रफार सुटा होतो, जोडाक्षरांचे पाय मोडतात. टाइप करणाऱ्याच्या मशीनवर पर्याय बरोबर, म्हणून सगळं छान दिसतं. दुसऱ्या मशीनवर निर्मात्याच्या आडनावाचा चुरा. जुन्या प्रोजेक्टमध्ये याहून वाईट प्रकार सापडतो. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये श्रेयनामावली केलेली असायची. त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांना रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागा दिलेल्या. फॉन्ट नसलेल्या मशीनवर प्रोजेक्ट उघडला की दीडशे कलावंत-तंत्रज्ञांच्या नावांच्या जागी कंस, उद्गारचिन्हं आणि डॉलर. त्यातून नावं परत काढायची तर मूळ कागद हवा. म्हणून टायटल नेहमी पारदर्शक पार्श्वभूमीसह चित्र म्हणून रेंडर करून द्यावीत, प्रोरेझ ४४४४ मध्ये, आणि नावांची यादी युनिकोडमध्ये वेगळी ठेवावी. सबटायटलची एसआरटी फाइल मात्र या सगळ्यात शहाणी निघाली. साधा मजकूर आणि वेळा, एवढंच तिच्यात असतं. त्यामुळे मराठी सबटायटल कुठेही जातात.

या पार्श्वभूमीवर २०११ कडे पुन्हा पाहिलं तर ॲपलचा खुलासा खोटा नव्हता. जुन्या फायनल कटमध्ये ट्रॅक होते, एकावर एक. क्लिप कुठल्या ट्रॅकवर, कितव्या फ्रेमला, की झालं. नव्यात ट्रॅकच नाहीत. मधोमध एक मुख्य धागा, आणि बाकी सगळं त्या धाग्यातल्या कुठल्या ना कुठल्या क्लिपला लटकवलेलं. मुख्य क्लिप हलली की तिला लटकवलेलं गाणं, साउंड इफेक्ट, टायटल तिच्यामागून जातं. जुन्या प्रोजेक्टमध्ये एखादा घंटेचा आवाज तिसऱ्या ट्रॅकवर आहे, एवढीच नोंद. तो नेमका कुठल्या शॉटसाठी होता हे कुठेच लिहिलेलं नाही, ते एडिटरच्या डोक्यात होतं. नव्या प्रोग्रॅमला नेमकं तेच हवं. जे लिहिलेलंच नाही त्याचं भाषांतर कसं करणार?

तरीही ॲपलला मी सोडणार नाही. अर्धंमुर्धं भाषांतर अशक्य नव्हतं, ते करायचं मनावर घेतलं नाही एवढंच. सप्टेंबर २०११ मध्ये नव्या फायनल कटला स्वतःची एक्सएमएल आली, आणि तिच्या आधारे इंटेलिजंट असिस्टन्स नावाच्या अगदी छोट्या कंपनीने २०१२ मध्ये ‘सेव्हन टू एक्स’ हा भाषांतरकार प्रोग्रॅम आणला. मोजक्या माणसांनी जमवलं ते ॲपलला जमलं नसतं असं कोण मानेल? मधल्या महिन्यांत जे गेले ते गेले. जे कुठेच गेले नाहीत असेही निघाले. ‘पॅरासाइट’ हा कोरियन सिनेमा २०१९ चा, २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेलेला. त्याचे संकलक यांग जिन-मो यांनी तो फायनल कटच्या सातव्या व्हर्जनवरच कापला, ॲपलने ते सोडून दिल्याला वर्षं लोटली होती तेव्हा. मॅकच्या नव्या प्रणालींवर ते चालतही नव्हतं. प्रोग्रॅम कुठला, याला किती महत्त्व द्यायचं हे ज्याने त्याने यावरून ठरवावं.

आणि तरी आजही प्रीमियरच्या मेन्यूत जाऊन एक्सपोर्ट पाहिलं तर तिथे लिहिलेलं असतं ‘फायनल कट प्रो एक्सएमएल’. ही त्या बंद पडलेल्या जुन्या फायनल कटची एक्सएमएल. नव्या फायनल कटची वेगळी आहे, आणि ती वाचायला प्रीमियरला बहुधा पुन्हा मधला दुभाषी लागतो. ॲडोबी आणि ब्लॅकमॅजिक या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या आपसात बोलतात ते तिसऱ्या कंपनीने टाकून दिलेल्या भाषेत. कारण सोपं आहे. ती भाषा आता कुणाचीच नाही, म्हणून ती सुधारतही नाही आणि बिघडतही नाही. २०११ नंतर आलेल्या कुठल्याही नव्या सोयीला तिच्यात शब्द नाही.

ही कोंडी फोडायचा गंभीर प्रयत्न पिक्सारमधून झाला. ‘ओपन टाइमलाइन आयओ’, बोलीभाषेत ओटिओ. पिक्सारने तो खुला करून टाकला, आणि २०१९ पासून तो ॲकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. ऑस्कर देणारी ॲकॅडमी आणि लिनक्स फाउंडेशन यांनी मिळून ही संस्था उभी केली आहे. ओटिओची फाइलही साधी, वाचता येणारी. आणि तिचा मालक कुणी एक कंपनी नाही. रिझॉल्व्ह ती वाचतो, इतरही हळूहळू वाचू लागले आहेत. पण तिचंही म्हणणं नम्र आहे : टाइमलाइन मी नेईन, इफेक्टचं तुमचं तुम्ही बघा. दोन कंपन्यांची ब्लर करायची गणितंच वेगळी असतील तर कुठलीही फाइल ती एक करू शकत नाही. कंपन्यांना आपलं गिऱ्हाईक आपल्याच कुंपणात हवं असतं हे खरं, पण सगळाच दोष कुंपणाचा नाही. सीएमएक्सपासून आजपर्यंत जे सुखरूप पोहोचलं ते एवढंच : कुठला तुकडा, कुठून कुठपर्यंत, कुठे. एडिटरचा खरा धंदा तोच आहे असं मी मानतो, त्यामुळे मला त्याचं फार दुःख नाही. दुःख आहे ते बाकीचं सांभाळायची आपल्याला सवय नाही याचं.

कारण प्रोजेक्ट न्यायची वेळ काही स्टुडिओ बदलतानाच येत नाही. ती काळ बदलतानाही येते. २०१९ च्या सुमारास ॲपलने मॅकमधून जुने ३२-बिट प्रोग्रॅम हद्दपार केले. २००५ ते २०१२ च्या दरम्यान मराठीत झालेल्या किती लघुपटांचे, माहितीपटांचे, मुलाखतींचे, नाटकांच्या चित्रीकरणांचे फायनल कट प्रोजेक्ट घरोघरच्या हार्ड डिस्कवर असतील? त्यातल्या पुष्कळांची पक्की फाइल म्हणून आता फक्त डीव्हीडी उरली आहे. मुलाखतीचे दोन तास चित्रित केले, वीस मिनिटं दाखवली. उरलेल्या शंभर मिनिटांत कोण काय बोललं ते त्या प्रोजेक्टमधून सापडतं, नाहीतर अजिबात नाही.

म्हणून ज्यांच्याकडे असा जुना मॅक अजून चालू आहे त्यांनी एखादी सुट्टी त्याला द्यावी. फायनल कटचं जुनं व्हर्जन उघडा, एकेक प्रोजेक्ट उघडा आणि त्याची एक्सएमएल बाहेर काढा. त्यासोबत ईडीएल काढा, साउंडसाठी ओएमएफ काढा. पूर्ण फिल्मची एक चांगल्या दर्जाची फाइल काढा, आणि एक टायटल नसलेली. आवाज संवाद, संगीत आणि इफेक्ट असा तीन तुकड्यांत वेगळा काढा. टायटलचा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. हे सगळं रशेससोबत, एका फोल्डरमध्ये, दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. नवीन काम करत असाल तर हेच पिक्चर लॉकच्या दिवशी करा, पेमेंट यायच्या आधी. मॅक भंगारात गेल्यावर ही एक्सएमएल काढून देणारं कुणी सापडणं कठीण आहे.